आजीच्या हाताची कडी

तुमच्या खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप आहे का? रत्नागिरीतला आमचा ग्रिलवाला मापाची टेप लावण्याआधी विचारायचा, "या खोलीत झोपतं कोण?" मला नवल वाटे.

आमच्या घरी आला तेव्हाही त्याने तेच विचारलं. "आमची आई," बाबा म्हणाले. "पण झडप नको. चोर शिरेल."

"आणि आग लागली तर आजी निघतील कुठून ओ काका?" ग्रिलवाल्याने बाबांना विचारलं.

झडप त्याने ठेवलीच. मग आजीला म्हणाला, "उघडा बघू." तिच्या वाकड्या बोटांनी कडी सरकेना. त्याने ती नवीकोरी कडी कापून टाकली आणि लांब दांड्याची जोडली. ती सरकली.

"खारा वारा आहे, गंजेल. रोज उघडत जा, आजी."

हे त्याला कोणी शिकवलं, मला अजून कळलेलं नाही. तुम्ही आज एवढंच करा: घरातल्या वयाने सर्वांत थकलेल्या माणसाला झडप उघडायला सांगा, आणि स्वतः हात लावू नका.