बंद मशीनची साक्ष

ते प्रकरण आजही मला जसंच्या तसं आठवतं, आणि आठवलं की या वयातही छाती फुगते. माझ्या नोकरीत खून झाले, दरोडे झाले, एकदा तर आख्खा ट्रक गायब झाला होता. पण मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो नखाएवढ्या तुकड्यांच्या चोरीच्या तपासाचा. नावं मी कुणाचीच घेणार नाही. माणसं अजून नाशकातच आहेत आणि रस्त्यात भेटली तर थांबून बोलतात.

तेव्हा मी औद्योगिक वसाहतीतल्या एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी उरकून मी स्टेशन डायरी चाळत बसलो होतो. तेवढ्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे मालक आत आले. बसायच्या आधीच त्यांनी हातातला जाडजूड, रंगीत पानांचा रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, चोर आम्ही शोधून ठेवलाय. तुम्ही फक्त उचला."

धातू कापणाऱ्या मशीनला पुढे नखाएवढं, अतिशय कठीण पातं बसवतात. कामगार त्याला इन्सर्ट म्हणतात. दहा इन्सर्टची डबी मुठीत मावते आणि भंगारातही तिला गिऱ्हाईक तयार असतं, म्हणून चोरांचा या मालावर फार जीव. या कारखान्यात आठ महिने इन्सर्ट भलतेच संपत होते. मालकांनी मोठ्या हौसेने सॉफ्टवेअर बसवलं होतं. दर सोमवारच्या मीटिंगला भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येक शिफ्टची एक पट्टी उमटायची. इन्सर्टचा खप मर्यादेत असला तर हिरवी, वर गेला की लाल. आठ महिने फक्त पहिल्या शिफ्टची पट्टी लाल होती, आणि पहिल्या शिफ्टला टूल रूम सांभाळायच्या एक बाई. इन्सर्ट द्यायचे ते त्यांच्याच हातून जायचे.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," मालक म्हणाले. "बाईंना सगळ्यांदेखत सांगितलंय, कामावर येऊ नका. संध्याकाळपर्यंत अटक व्हायला पाहिजे. सगळ्या कामगारांना कळू दे."

"उचलायचं काम आमचं आहे, तसं कुणाला उचलायचं ते ठरवायचं कामही आमचंच आहे," मी म्हणालो. माझा स्वभाव तापट. कुणी मला तयार आरोपी आणून दिला की माझं डोकं फिरतं. तरी मी त्यांचा अर्ज घेतला, आवक नोंद केली आणि त्यांना चहा पाजून पाठवलं.

खरं सांगायचं तर मलाही बाईंचा संशय आला होता. कारण दोनच दिवसांपूर्वी माझा एक खबऱ्या येऊन गेला होता. हातगाडीवर भंगार गोळा करणारा माणूस, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याने पुडीतून एक इन्सर्ट काढून माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, हे बघा. भंगारवाल्याकडं गोणीनं येऊन पडतंय. वापरलेलं असलं की कोपरा उडालेला असतो. याला धार हाय तशी हाय. डबी फोडून आणत्यात, पर माल कोरा हाय."

कोरा माल म्हणजे टूल रूममधूनच गेलेला. चोरी होत होती यात शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की कोण करतंय.

बाईंना बोलावलं. महिला अंमलदार शेजारी बसली. बाई पंचेचाळिशीच्या, नीटनेटक्या, हातात डब्याची पिशवी आणि एक फाइल. आत आल्या, "जय भीम, साहेब" म्हणाल्या आणि मी सांगायच्या आधीच खुर्चीत बसल्या. मी मुद्दाम आवाज चढवला. आठ महिन्यांचा हिशेब विचारला. समोरचा माणूस बिचकतो का ते बघायची ही आमची जुनी सवय.

बाई बिचकल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं.

"तुम्ही काय काय विचारताय ते लिहून घेते साहेब. म्हणजे उत्तर द्यायचं राहून जायला नको."

ठाण्यात आलेला माणूस साधारणपणे आधी पाणी मागतो. कागद-पेन मागणारा मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलाय, आणि त्यातला एकही आरोपी निघाला नाही. हा काही पुरावा नव्हे, पण मी आवाज खाली आणला.

"लाल पट्टी तुमच्याच शिफ्टची आहे ना?"

"माझीच आहे. मी कधी नाही म्हटलं? इन्सर्ट मोडला की मी मोडला असं लिहिते, दिला की दिला असं लिहिते. वडील मनमाडला रेल्वेत होते. गाडी उशिरा आली तर उशिराच लिहायचे, साहेब कितीही चिडू दे. त्यांच्याकडूनच शिकले."

"मग बाकीच्या शिफ्टला इतके कमी का लागतात?"

बाई पहिल्यांदा हसल्या. "कमी कुठे लागतात साहेब? दुपारनंतर टूल रूमला माणूसच नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या शिफ्टचे सुपरवायझर माझी शिफ्ट संपायच्या आत चिठ्ठी देऊन लागतील तेवढे घेऊन जातात. नोंद माझ्या वेळेत पडते, म्हणून पट्टी माझी वाढते. सोमवारी त्यांची हिरवी दिसते आणि बोलणी मी खाते."

"हे मालकांना सांगितलं नाही?"

"दोनदा लिहून दिलं. त्याची पोच आहे." त्यांनी फाइल उघडून दोन कागद माझ्यापुढे सरकवले. मग त्यांनी फाइल मिटली. "एकोणीस वर्षं झाली साहेब. टूल रूमवर बसलेली मी त्या कारखान्यातली पहिली बाई. आमच्या कॉलनीतल्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी मुलींना शिकवते. उद्या माझं नाव चोर म्हणून छापून आलं तर त्या मुलींसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू? नोकरी गेली तर दुसरी बघेन. नाव गेलं तर कुठून आणू?"

हे ऐकताना मला माझेच जुने दिवस आठवले. नवा नवा ठाणे प्रभारी असताना मी ठरवलं होतं की आलेल्याची तक्रार टाळायची नाही. सायकल चोरी असो की मोबाइल चोरी, सगळं दाखल करायचं. परिणाम काय झाला? महिन्याच्या आढावा बैठकीत माझ्या ठाण्यातल्या गुन्ह्यांचा आलेख गगनाला भिडला, आणि वरिष्ठांनी सगळ्यांदेखत माझी बिनपाण्याने केली. शेजारच्या ठाण्याचं कौतुक झालं. ते लोक फिर्यादीला गोड बोलून दारातूनच परत पाठवायचे. त्या बैठकीतून बाहेर पडताना मला जे वाटलं होतं तेच मला आता या बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जो लिहितो तोच गुन्हेगार ठरतो, हा अनुभव मी स्वतः घेतला होता.

पण सहानुभूतीने तपास होत नाही. चोर शोधायला हवा होता.

"तुम्ही देताना नेमकं काय काय नोंदवता?" मी विचारलं.

"तारीख, वेळ, किती दिले, कुठल्या मशीनसाठी आणि नेणाऱ्याचा टोकन नंबर. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे साहेब. पण मीटिंगला वर जाते ती नुसती बेरीज."

मी मालकांच्या कॉम्प्युटर विभागाला फोन केला आणि बजावलं, मला रंगीत रिपोर्ट नको, मूळ नोंदी हव्यात, एकूण एक. दुपारी चारशे-पाचशे पानांचा गठ्ठा आला. मी आणि ठाण्याचं लिखाण सांभाळणारा माझा रायटर हवालदार तो घेऊन बसलो. हवालदार दिंडोरीकडच्या खेड्यातला. कॉम्प्युटरशी त्याचं जमत नसे, पण कागदाला कागद लावून बघण्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या शहरात नव्हता. आम्हा पोलिसांना शिकवलेलंच असतं की एका नोंदवहीवर विश्वास ठेवायचा नाही. डायरीत लिहिलंय की अमुक शिपाई गस्तीवर होता, तर ड्युटी तक्ता काढायचा. तक्त्यात तो रजेवर असेल तर डायरी खोटी.

"साहेब, हे लय हाय, पण एकटंच हाय," हवालदार म्हणाला. "याला ताडून बघायला दुसरं कायतरी पाहिजे. नायतर नुसतं वाचत बसायचं."

बाई अजून ठाण्यातच होत्या. मी त्यांना विचारलं, मशीन कधी चालू होतं, कधी बंद होतं, हे कुठे लिहिलेलं असतं?

"दुरुस्ती खात्याचं वेगळं सॉफ्टवेअर आहे. त्याचा रिपोर्ट दुसऱ्या मॅनेजरांकडे जातो. आम्हाला तो दिसत नाही."

"आणि तुमचा रिपोर्ट त्यांना?"

"तोही नाही दिसत."

मी तिथेच टेबलावर थाप मारली. एका कारखान्यात दोन डोळे होते आणि दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले होते! मालकांना पुन्हा फोन केला. ते कुरकुरले, "त्याचा याच्याशी काय संबंध?" मी म्हणालो, संबंध आहे की नाही ते पाहायलाच मागतोय. तासाभरात दुरुस्तीची यादी आली.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हवालदाराने चष्मा कपाळावर सरकवला.

"साहेब, चौदा नंबरचं मशीन तीन आठवडं बंद हाय. मुख्य भागच काढून दुरुस्तीला धाडलाय. अन् हितं बघा, त्याच तीन आठवड्यांत त्याच्यासाठी रोज दोन-दोन डब्या नेल्यात." तो थांबला आणि पोट धरून हसायला लागला. "मशीन बंद, मग कापतंय काय, हवा?"

मी उठून उभाच राहिलो. आम्ही झपाट्याने मागचे महिने तपासले. नऊ नंबर बंद, तरी इन्सर्ट गेले. सहा नंबर बंद, तरी गेले. जे मशीन बंद पडलं त्याच्याच नावावर माल उचलला होता. डोकं मात्र मानलं पाहिजे. चालू मशीनवर माल घातला तर तिथला कामगार विचारणार, माझे इन्सर्ट कुठे गेले? बंद मशीनसमोर विचारायला कुणी उभंच नसतं. आणि दर वेळी टोकन नंबर एकच, दुसऱ्या शिफ्टच्या सुपरवायझरचा. त्याची चिठ्ठी, त्याची सही. बाईंना टूल रूममधून कुठलं मशीन बंद आहे ते दिसत नव्हतं, त्यांनी चिठ्ठी पाहून माल दिला आणि प्रामाणिकपणे नोंद केली. त्या नोंदीनेच चोर धरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर ठाण्यात आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर मदतीचा भाव. "त्या बाईंबद्दल विचारायचं असेल ना साहेब? वाईट वाटतं, पण काय करणार." मी त्याला बोलू दिलं. आरोपी स्वतःहून बोलत असेल तर मधे तोंड घालू नये, हा माझा नियम. त्याच्या कामाची चार शब्द स्तुती केली आणि सहज विचारलं, "चौदा नंबर कसं चालतं तुमच्याकडे?"

"एकदम जबरदस्त. गेल्या महिन्यात तर नॉनस्टॉप चालवलं. त्याला इन्सर्ट जास्तच लागतात साहेब."

मी दुरुस्तीची यादी त्याच्यापुढे ठेवली. शेजारी टूल रूममधून मागवलेल्या त्याच्या सहीच्या चिठ्ठ्या मांडल्या. त्याने एकदा वाचलं, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "साहेब, जरा पाणी मिळेल का?"

हवालदार पाणी आणायला वळला तो तोंड फिरवून, हसू दिसू नये म्हणून.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने सगळं सांगितलं. दोन पंच घेऊन आम्ही भंगाराच्या दुकानावर गेलो. दोन गोण्या कोरे इन्सर्ट निघाले. पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला, भंगारवाला आणि सुपरवायझर दोघेही आत गेले. माझ्या खबऱ्याचं नाव कुठेही आलं नाही.

दुपारी मालक आले. या वेळी ते बसायला सांगेपर्यंत उभेच होते. बाई समोरच होत्या. मालक म्हणाले, "ताई, झालं ते विसरून जा. उद्यापासून कामावर या."

"तोंडी नको साहेब," बाई म्हणाल्या. "आरोप लेखी केला होता. तो चुकीचा होता हेही लेखी द्या. आणि मला एकटीला देऊ नका. ज्यांच्यासमोर मी चोर ठरले, त्यांच्यासमोर वाचा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

शिफ्ट बदलायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर तीनशे माणसं उभी होती. मी साध्या कपड्यांत मागे थांबलो होतो. मालकांनी पत्र वाचलं. "माझी चूक झाली" इथे त्यांचा आवाज अडखळला, पण त्यांनी ते वाक्य पुन्हा, मोठ्याने वाचलं. याबद्दल मी त्यांना मानतो. चूक कबूल करणारे मालक मी फार पाहिले नाहीत. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली. मालकांनी पत्र पुढे केलं. बाईंनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"जावक क्रमांक राहिलाय साहेब. आणि शिक्का."

सगळं गेट खळखळून हसलं. मालकही हसले. शिक्का आणायला माणूस ऑफिसात पळाला, आणि तो येईपर्यंत तीनशे माणसं तिथेच उभी राहिली, एकही हलला नाही.

पुढे बाई दर सोमवारच्या मीटिंगला बसू लागल्या. दोन्ही रिपोर्ट एकाच पडद्यावर यायला लागले. मालकांनी एकदा त्यांना विचारलं, आणखी काय बदलू? त्या म्हणाल्या, लाल दिसलं की आधी रागावू नका, आधी विचारा. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मलाच भरून आलं.

त्या कॉम्प्युटरने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. चोराचं नाव, वेळ, मशीन, सगळं त्याच्या पोटात आठ महिने पडून होतं. कुणी ते मागितलं नाही, कारण बेरीज पाहूनच सगळ्यांचं समाधान झालं होतं. माणसं ठरवतात ती समोर आलेल्या कागदावरून, आणि कुठला कागद समोर यायचा हेही माणसंच ठरवतात. हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुणाविरुद्धही नोंद समोर आली की मी आधी एवढंच विचारत असे, हे लिहिलं कुणी, आणि खरं लिहिल्याबद्दल त्याला काय सोसावं लागलं?