अळिंबीची शेवटची नळी घेऊन रायपूरला

फोनवर विचारून भागेना, तेव्हा मीच निघाले. आमच्या गटातल्या नऊ जणी भाताच्या तणसावर अळिंबी घेतात आणि तिचं बियाणं मी घरी बनवते. त्याचं मूळ वाण आमच्याच शेतातलं, काचेच्या नळ्यांत जपलेलं. पण दोन महिन्यांत एकेक नळी मरत गेली आणि एकच उरली. ती गेली तर हंगाम गेला.

गोंदियाहून सकाळची गाडी धरली. बर्फाचा डबा मांडीवर, त्यात नळी. डोंगरगडला भजी खाल्ली, तीही डबा सांभाळत एका हाताने. रायपूर स्टेशनवरून बूढापारा वस्तीला शेअर ऑटो मिळते, पण गल्ल्या अरुंद आहेत, शेवटचं चालावंच लागतं.

निर्मलाकाकू प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, मैत्रिणीच्या ओळखीच्या; फोनवर त्यांनाच विचारत होते. आधी तांदळाचा वाफवलेला गरम फरा आणि टमाट्याची चटणी खाऊ घातली, मग डबा उघडला.

"बर्फात काहून ठेवलं वो?"

"फ्रिजमधून थेट आणली, काकू. खराब होऊ नये म्हणून."

काकूंनी नळी बर्फातून काढून पदराने पुसली. "ढिंगरी अळिंबीले फ्रिज चालते. हा तुमचा तणसावरचा पैरा-फुटू गरमीतला जीव, थंडीनं मरते. मी बी पहिल्या साली साऱ्या नळ्या अशाच मारल्या. कोणाले सांगतलं नाही."

मला रडूच आलं. जीव लावून मीच मारलं होतं सगळं.

"चाल, हात धू," काकू म्हणाल्या आणि शिकवायला बसल्या. पद्धत अगदी स्वस्त. इन्व्हर्टरचं डिस्टिल्ड पाणी छोट्या काचेच्या बाटल्यांत अर्धं भरायचं, कुकरमध्ये अर्धा तास वाफवायचं. गार झालं की दिव्याच्या ज्योतीजवळ वाणाचे चार-पाच बारीक तुकडे आत टाकून झाकण घट्ट लावायचं. बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या, फ्रिजमध्ये कधीच नाही, त्याही दोन-तीन घरी वाटून. वर्षातून एकदा तुकडा काढून वाढतो का ते बघायचं. काकूंकडे अशा कितीतरी बाटल्या होत्या. त्यातल्या दोन मला दिल्या, माझ्या नळीतला तुकडा स्वतःकडे वाढायला ठेवला.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. "तुझ्या तुकड्यातून काहीच आलं नाही, बाई."

हंगाम काकूंच्या वाणावर निभेल, पण आमच्या शेतातलं गेलं ते गेलंच. त्याचं वाईट वाटतं, अजूनही. गटात मी काही लपवलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर कोणी रागावलं नाही, हेच जड गेलं. मग मी विचारलं, फ्रिज कोणाकडे नाही? सुलोचनाने लाजत हात वर केला.

दुसरी बाटली जपायला तिच्याकडे दिली.