हिरव्या माशाचं स्टिकर

मंडळी, आज मले माझ्याच हातांची किळस आली.

मी नागपूरजवळच्या वाडीत एका गोदामात टूना माशाच्या डब्यांवर स्टिकर लावते. हिरव्या माशाचं चित्र, खाली इंग्रजीत लिहून आहे की मासा गळानं एकेक पकडला, समुद्र जपला. सहा महिने मी ते खरंच समजत होते.

आज पहिल्यांदाच खोके फोडायचं काम माझ्याकडे आलं. खोक्यावर छापलं होतं, मोठ्या जाळ्यानं पकडलेला मासा.

सुपरवायझरले म्हटलं, "भाऊ, हे तर जाळ्यातले आहेत. यावर हिरवं कसं लावू?"

"अर्ध्यांवर हिरवं, अर्ध्यांवर साधं. काहून डोकं लावून राहिली वं? नागपुरात समुद्र कोणी पायला?"

सोबत काम करणाऱ्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. शी!

संध्याकाळी मनीषनगरले ताईकडे गेले. तिनं कौतुकानं टूनाचं सँडविच समोर ठेवलं. "आम्ही हिरव्या माशाचाच डबा आणतो. महाग पडते, पण समुद्र तर वाचते ना."

नखात गोंद तसाच होता. त्याच हातानं मी ते सँडविच गुपचूप खाल्लं.

तुम्ही ताईले सांगितलं असतं?