जेठात थुंकलेली भेग

लग्न होऊन साताऱ्याहून जयपूरला आले तेव्हा माझ्यापाशी मिरवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: माहेरचं पितळी घंगाळ आणि नकला करायची हातोटी. घंगाळ पुढे चोरीला गेलं. त्याऐवजी नकला गेल्या असत्या तर बरं झालं असतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. यांची कॉलेजात नोकरी. जुन्या शहरातल्या एका गल्लीत घरमालक खाली, आम्ही वर. आमचं छत दगडी होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब पट्ट्या टाकलेल्या आणि खालून चुन्याचा गिलावा. पौषात त्यात भेग पडली. छतातून निघाली ती भिंतीवरून उतरत थेट देव्हाऱ्याच्या डोक्यापर्यंत. मी हातपाय गाळले.

मालकांनी आपला नेहमीचा चेजारा, म्हणजे गवंडी, बोलावला. सत्तरीचा म्हातारा. शिडीवर चढून वैद्याने नाडी पाहावी तसा त्याने भेगेवर तळवा ठेवला, एक डोळा मिटला आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, "बहूजी, ये सर्दी में मुँह खोलती है, गर्मी में बंद कर लेती है. अभी भरोगी तो जेठ में थूक देगी."

होळीच्या सुमारास येऊन मऊ चुना भरतो म्हणाला आणि शिडी उचलून गेला. मला तो शुद्ध आळस वाटला. साताऱ्यात भेग दिसली की भरतात. तिचा स्वभाव विचारत बसत नाहीत.

चार दिवसांनी संक्रांतीचं हळदीकुंकू. मराठी बायका तिथे मोजक्याच, म्हणून मी सगळी गल्ली बोलावली होती. वाण लुटायच्या आधी पदराचा साफा केला, मालकिणीच्या गालावर तळवा ठेवला, एक डोळा मिटला आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "अभी भरोगी तो थूक देगी!"

बायका लोळल्या. "एक बार और, बहूजी!" मी एकदा नाही, तीनदा केलं. तिसऱ्या वेळी खोकलाही घातला. म्हाताऱ्याला खोकला नव्हता.

गल्लीत म्हाताऱ्याचं हसं झालं. तो दिसला की पोरं ओरडायची, "थूक देगी!" ज्या तीन घरांची कामं त्याच्या बापापासून त्याच्याकडे होती, त्यांनी दुसरा माणूस धरला. आमच्या मालकांनीही. नव्या गवंड्याने भेगेत सिमेंट ठासून भरलं, आणि मी खाली उभी राहून "और ठूँसो, भैया" म्हणत होते.

जेठ, म्हणजे आपला ज्येष्ठ, आला. एका दुपारी मालकीण माझ्याकडे पन्हं प्यायला बसली होती. वर दगड तापून फुगलेला, सिमेंट हलायला तयार नाही. धप्प! हातभर लांबीचा गिलावा देव्हाऱ्यावर. बाळकृष्ण चुन्यात गडप. मालकिणीने पेला खाली ठेवला, वर पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "थूक दिया."

तिला हसू आलं नाही. मला तर नाहीच.

म्हाताऱ्याला परत बोलावलं. त्याने राहिलेलं सिमेंट छिन्नीने काढलं. मी चहा दिला आणि माफीचं वाक्य मनात जुळवत उभी राहिले. तोच म्हणाला, "सुना है, आप मेरी नकल बहुत बढ़िया उतारती हैं. ज़रा हमें भी दिखाइए."

उभ्या आयुष्यात मला प्रेक्षक मिळाला आणि तोंड उघडलं नाही, असं त्या एकाच दुपारी झालं.

शेवटी कसंबसं म्हटलं, "बाबा, मैं सबको बता दूँगी कि आप सही थे."

चहा बशीत ओतत तो म्हणाला, "ऐसे बताओगी तो कौन सुनेगा, बहूजी? वैसे ही बताना. नकल उतार के."

पुढच्या संक्रांतीला मी त्याच बायकांसमोर माझीच नक्कल केली. कमरेवर हात, "और ठूँसो, भैया," मग धप्प, मग चुना माखलेला बाळकृष्ण. एकही तपशील गाळला नाही; म्हाताऱ्याचा खोकला मी पदरचा घातला होता, हेही सांगितलं. बायका हसल्या, पण पहिल्या वर्षीइतक्या नाही. "एक बार और" कुणीच म्हणालं नाही.

तीनपैकी दोन घरांनी म्हाताऱ्याला परत बोलावलं. तिसऱ्या घरची बाई त्या दिवशी हळदीकुंकवाला आलीच नव्हती. मी तिच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. गेले नाही.