कोण आहे?

माझ्या अंबरनाथच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला उल्हासनगरहून स्कूटरवर येतो. खांद्यावरची बॅग न उतरवताच खुर्ची ओढतो आणि स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायच्या आत म्हणतो, "टेन्शन नाय घ्यायचं मॅडम, दोन मिनिटं."

त्या दिवशी सगळ्या कॉम्प्युटरवर लिनक्स या सिस्टीमचे अपडेट अडले होते. अपडेट खरंच आपल्याकडूनच आलंय हे कळावं म्हणून बनवणारे त्यावर सही करतात; ती सही करायची डिजिटल किल्ली त्यांनी बदलली होती. आमच्याकडे जुनीच होती, त्यामुळे नवी सही ओळखू येत नव्हती. त्यांच्या साइटवरून नवी किल्ली घ्यायची, ती खरी आहे ना ते ताडून बघायचं आणि बसवायची, एवढंच काम. तसं सांगून मी शिकवायला गेले. परत आले तर हा निघालेला.

"सही बघायचं बंदच करून टाकलं. आता काहीपण येऊ दे, अडणार नाय!"

काहीपण येऊ दे! मी तोंड उघडेपर्यंत स्कूटर चालू. फोनही उचलेना. माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी थेट त्याच्या घरी गेले आणि बेल दाबली.

"कोण आहे?"

नाव सांगितलं. दाराच्या भिंगामागे डोळा आला.

"कुठल्या मॅडम?"

क्लास सांगितला. दार चार बोटं उघडलं, साखळीसकट.

"आवाज ओळखला होता हो, पण खात्री केलेली बरी."

"माझे कॉम्प्युटर तेच तर करत होते! तुम्ही त्यांचं तोंड का बंद केलंत?"

"मॅडम, तिथं कोण येतंय घुसायला?" तो हसला. माझ्यामागे जिन्यात कोणी नाही ना ते वाकून बघितलं आणि मगच साखळी काढली.