उजवी पाकळी

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय शहराच्या भजनी मंडळात माझी एक गोष्ट गेली काही वर्षं सांगितली जाते. आमच्या गावच्या रवळनाथाने आमच्या सुनेला नर्सिंगच्या शिक्षणासाठी आधी 'नाही' असा कौल दिला आणि पुढच्या वर्षी, योग्य वेळ आल्यावर, 'हो' म्हणाला, अशी ती गोष्ट. ती ऐकून लोक माझ्याकडे कौल मागायला येतात. घर घ्यावं का, मुलीसाठी आलेलं स्थळ बरं आहे का, असं विचारतात. सध्या मोटारकंपन्या माणसं कमी करताहेत, त्यामुळे येणारे वाढले आहेत. मागच्या रविवारी एक तरुण आला, बरोबर बायको आणि तिच्या कडेवर तान्हं मूल. "काका, कंपनीचे पैसे घेऊन इथली नोकरी सोडू आणि टेक्सासला, फ्रिस्कोला जाऊ, की थांबू? तुमचा देव सांगेल तसं करतो," म्हणाला. मला बरं वाटत नाही असं सांगून मी त्याला परत पाठवलं. तेही खोटंच होतं. म्हणून आज लिहायला बसलो आहे. त्या गोष्टीतला अर्धा भाग खरा नाही, आणि तो खोटा मी केला आहे.

ज्यांना कौल म्हणजे काय ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या कोकणात देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावाहून निघताना मी नदीतला एक काळा पाषाण देवापुढे ठेवून, त्याची आज्ञा घेऊन इकडे आणला. तो आमच्या देवघरात आहे. बायको गेल्यानंतर मी कायमचा मुलाकडे राहायला आलो तेव्हापासून त्याची पूजा मीच करतो.

सुनेचं नाव मनीषा. लग्नाआधी कुडाळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची. इथे आल्यावर व्हिसामुळे काही करता येत नव्हतं. टीव्हीवर दिवसभर इराकच्या बातम्या चालू असायच्या त्या वर्षी ग्रीन कार्डं हाती आली, आणि तिला डेट्रॉइटच्या एका मोठ्या हॉस्पिटलची जाहिरात दिसली. तिकडे नर्सेसची फार टंचाई होती. आधी वॉर्डात मदतनीस म्हणून काम करायचं, ते करता करता कॉलेजात नर्सिंग शिकायचं, फी हॉस्पिटल भरणार, आणि पास झाल्यावर काही वर्षं तिथेच नोकरी करायची, अशी योजना होती. ती मुलाखतीला गेली आणि तिची निवड झाली. घरी आली तेव्हा गळ्यात अजून व्हिजिटरचा बिल्ला तसाच लटकत होता.

मी म्हणालो, "लोकांची हगणीमुतणी काढायला अमेरिकेत आलीस का?"

ती शांतपणे म्हणाली, "आईंची शेवटी गावी येऊन मीच काढत होते, बाबा."

तरीही मी माघार घेतली नाही. गावातले लोक काय म्हणतील, संध्याकाळच्या पाळ्या, बर्फातलं ड्रायव्हिंग, असं एकेक पुढे करत राहिलो. खरं कारण यातलं एकही नव्हतं. इथल्या हिवाळ्यात सगळे बाहेर गेले की घर इतकं बंद आणि गप्प होतं, की मला माझ्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा. मनीषा घरात असली की स्वयंपाकघरातून काहीतरी खुडबुड ऐकू येई. ती खुडबुड मला हवी होती. हे तोंडाने सांगायला मात्र लाज वाटत होती.

शेवटी तीच म्हणाली, "बाबा, कौल लावा. देव हो म्हणाला तर जाते. नाही म्हणाला तर विषय बंद."

संदीप, माझा मुलगा, वैतागला. "कमॉन यार, एवढं करिअरचं डिसिजन देवावर काय टाकतेस?"

"मग तू दे डिसिजन."

"मी म्हणजे... बाबांना ओके असेल तर..."

"बघ. म्हणूनच देवावर."

रविवारी सकाळी आंघोळ करून सगळे देवघरापुढे बसले. दुकानातून आणलेल्या शेवंतीच्या दोन पाकळ्या मी पाण्यात बुडवल्या. डावी नुसत्या पाण्याने लावली. उजवीच्या पाठीला मात्र अंगठ्याने उगाळलेल्या चंदनाचं दाट गंध फासलं आणि दाबून बसवली. माझी पाठ सगळ्यांकडे होती, कोणाला दिसलं नाही. मग मी खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. आठ वर्षांच्या नातीला, ईशाला, त्यातलं 'होय म्हाराजा' एवढंच येतं, ते ती दर वाक्याला छत उडेल असं ओरडत होती. थोड्याच वेळात डावी पाकळी गळून पडली.

मनीषाने हात जोडले. "बरं झालं. सुटले एकदाची," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. दुसऱ्या दिवशी तिने हॉस्पिटलला फोन करून येणार नसल्याचं कळवलं. मी शेजारच्या खोलीत होतो. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तिथेच उभी होती, हे मला तिच्या पावलांचा आवाज आला नाही त्यावरून कळलं.

उजवी पाकळी तोवर चिकटलेलीच होती. मी ती नखाने खरवडून काढली. पाषाणावर पिवळट डाग राहिला. पाण्याने गेला नाही म्हणून मी खोबरेल तेल लावून चोळला. तेवढ्यापुरता दिसेनासा झाला, सकाळी पुन्हा दिसला. मग तो माझा रोजचा उद्योगच झाला. पूजेला बसलं की आधी उजव्या बाजूला तेलाचं बोट. मनीषा एका दुकानात कॅशवर उभी राहू लागली. संध्याकाळी घरी यायची ती सुजलेल्या पायांनी. म्हणजे ज्या गप्प घराच्या भीतीने मी हे केलं, ते घर मला मिळालंच. वर देवासमोर बसणंही नकोसं झालं. नामस्मरण सुरू केलं की डोळ्यांपुढे तो डाग यायचा.

पुढच्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. इथल्या डॉक्टरांनी अँब्युलन्सने डेट्रॉइटला पाठवलं, आणि शुद्धीवर आलो तर त्याच हॉस्पिटलात होतो. हा योगायोग म्हणा. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. माझ्याकडे डोरोथी नावाची एक वयस्कर काळी नर्स होती. तिच्यामागे शिकाऊ मुलामुलींचा घोळका असायचा आणि ती बोलता बोलता त्यांना शिकवायची. एका दुपारी मनीषा माझी उशी नीट करून मला कुशीवर वळवत होती. डोरोथी ते बघत उभी राहिली.

"तू नर्स आहेस का?"

"नाही. इथेच माझी निवड झाली होती."

"मग आली का नाहीस?"

मनीषा सरळ म्हणाली, "आमचा देव नाही म्हणाला."

मला वाटलं, ही बाई आता हसेल. ती हसली नाही. दर रविवारी चर्चमध्ये गाणारी बाई ती. सलाइनचा वेग बघता बघता म्हणाली, "किती वेळा विचारलंस?"

"एकदाच."

"एकदाच? बाई गं, मी तर त्याला रोज विचारते! नवीन बॅचचे अर्ज सुरू झालेत. परत विचार." मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "पपा, तुम्ही विचारा त्याला हिच्यासाठी."

तिला काहीच माहीत नव्हतं. इतक्या पेशंटांतून तिने मलाच ते सांगावं, याने मला आतून हलवून टाकलं. मी मास्क बाजूला करून बोलायला गेलो. "बोलू नका बाबा, धाप लागेल," म्हणत मनीषाने मास्क परत बसवला. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर मी पुन्हा कौल लावायचं ठरवलं. यावेळी गंध डाव्या पाकळीला लावायचं, म्हणजे उजवी पडेल, असा माझा हिशेब होता. कबुली न देता चूक दुरुस्त होणार होती. पण आजारपणाने हात इतके थरथरत होते की पाकळी उचलताच येईना. दोनदा पडली. मनीषा पुढे सरकली. "तुम्ही गाऱ्हाणं घाला, बाबा. पाकळ्या मी लावते." आणि तिने दोन्ही पाकळ्या नुसत्या पाण्याने, सारख्याच हलक्या हाताने लावल्या.

आता माझ्या हातात काही राहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी खरा कौल मागत होतो. डावी पडली तर? मग मला सगळं सांगावं लागेल, आणि सांगूनही ती जाणार नाही, कारण आता खरोखरच देव नाही म्हणालेला असेल. मी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान तुझ्यासमोर पदर पसरल्यान हा..." "होय म्हाराजा!" ईशा ओरडली. पुढे 'काय चुकला-माकला असात तर पोटात घाल' असं येतं. तिथे मी थांबलो. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा. मनातल्या मनात मी एवढंच म्हणालो, तू बघ आता, मला जमत नाही.

"आजोबा, पडली! द राइट वन!" ईशा टाळ्या पिटत उठली.

उजवी पाकळी पाटावर पडली होती.

यात चमत्कार होता असं मी म्हणत नाही. वर्षभर मीच त्या बाजूला तेल चोळत होतो. तेलकट दगडावर ओली पाकळी कशी टिकणार? हे दुसऱ्या दिवशी, पूजेला बसल्यावर, माझ्या लक्षात आलं आणि तेलाची वाटी हातात तशीच राहिली. माझं पाप झाकण्यासाठी लावलेलं तेल त्याने तिच्या कामाला लावलं होतं. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. मला त्याची कृपा याहून जवळून कधी दिसली नाही.

मनीषाने पुन्हा अर्ज केला. वॉर्डात मदतनीस झाली, कॉलेज केलं, परीक्षा दिल्या. मी भात लावायला शिकलो, ईशाचा अभ्यास घेऊ लागलो, आणि गप्प घराने मला खाल्लं नाही. पदवीच्या समारंभात नव्या नर्सला बिल्ला लावायला घरचं एक माणूस बोलावतात. तिने संदीपला नाही, मला बोलावलं. बिल्ला कसाबसा लावला. परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो. मी तिला सगळं सांगितलं.

आमचं एक्झिट आलं, तिने गाडी वळवली. मग म्हणाली, "त्या वर्षी रात्री पाय पाण्यात बुडवून बसायचे मी. देवाला माझी सेवा नको असेल, असं वाटायचं."

"मला माफ कर, असं म्हणायचंही तोंड नाही."

"माफ करायला वेळ लागेल, बाबा. खोटं कशाला बोलू?" सिग्नलला गाडी थांबवून म्हणाली, "देवाला सांगितलंत?"

"त्याला ठाऊकच आहे की."

"ठाऊक असेल. पेशंटला कुठे दुखतंय ते मला दिसत असतं, तरी मी विचारतेच. त्याने सांगावं लागतं. आणि मंडळातही सांगा. लोक येतात तुमच्याकडे."

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. देवाला त्याच संध्याकाळी सांगितलं. मंडळात सांगायला मात्र आजचा दिवस उजाडावा लागला. 'तुझ्यावर सोडलं' असं म्हणताना मी अंगठ्याला गंध लावून बसलो होतो. खरं सोडणं मला जमलं ते हात चालेनासे झाले तेव्हा, आणि तेही माझं कर्तृत्व नव्हतं.

फ्रिस्कोचं विचारायला आलेल्या त्या तरुणाला मी आज फोन करणार आहे. कौल लावणार नाही. पण ये, देवासमोर दोघं बसू आणि तुला कशाची भीती वाटते ते मोठ्याने सांग, असं म्हणेन. मनीषाबद्दल विचाराल तर, परवा सकाळी ड्युटीला निघताना तिने माझ्या पायांना हात लावला. पायांना सूज आहे का, ते दाबून बघितलं आणि गेली.

पाषाणावरचा डाग अजून आहे. आता मी त्याला तेल लावत नाही.