भाऊजींचा विमानाचा हिशेब

आमचे धाकटे भाऊजी घरातल्या घड्याळावरसुद्धा विश्वास ठेवत नसत. शेजाऱ्याला वेळ विचारायचे आणि उत्तर ऐकून म्हणायचे, "ह्याचं पुढे दिसतंय." सगळी नोकरी एस.टी. स्टँडावर कंट्रोलर म्हणून झाली. गाडी उशिरा आली की ड्रायव्हर घाटाचं निमित्त सांगायचा. भाऊजी विचारायचे, "संगमेश्वरात चहाला किती बसलात ते आधी सांगा." बहुतेक वेळा ते खरंच निघायचं, म्हणून खोड वाढली.

बायको गेल्यावर ते मिरजोळ्याला एकटेच राहत. डबा माझ्याकडून जायचा. मुलगा मिलिंद शिकागोला. तो यायचा म्हटला की भाऊजी बाजारातून आणलेल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून अंतर मोजत बसायचे.

"रस्ता तोच, विमानाचा वेग तोच. जाताना हा पहाटे निघाला की त्याच दुपारी तिकडे पोचतो. येताना शनिवारी संध्याकाळी निघतो, तो थेट सोमवारी उतरतो. मधले तास गेले कुठे, वहिनी?"

"सूर्याचं काहीतरी असेल," मी म्हटलं.

"सूर्य नाही. पनवेल."

पनवेलला मिलिंदचं सासर.

मिलिंदने दारात बॅग टेकवली की पहिला प्रश्न तोच. "काय रे, पनवेलला जेवायला काय होतं?" पहिल्यांदा तो हसला. पुढच्या खेपेला त्याने विमानाचे पास बापापुढे ठेवले. भाऊजींनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरले. म्हणाले, "असले कागद पनवेललाही छापून मिळतात." मिलिंद जेवणाच्या पानावरून उठला. नंतर तो आलाच नाही. फोनवर म्हणायचा, रजा नाही. भाऊजींना तेही खरं वाटत नव्हतं.

शेवटी माझ्या नातीने मला समजावलं. तिकडचं घड्याळ आपल्या मागे चालतं. म्हणून जाताना तास कमी दिसतात आणि येताना जास्त. प्रवास दोन्हीकडून जवळपास सारखाच. डबा दिला तेव्हा मी भाऊजींना ते सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"तुमच्या नातीला मिलिंदने पढवलेलं दिसतंय," म्हणाले.

मी रिकामा डबा उचलला. फाटकापर्यंत गेले, तेव्हा मागून हाक आली. "वहिनी, फोन लावा त्याला. ये म्हणावं."

मिलिंदने तिकीट काढलं. त्याच्या निघण्याच्या दिवशी सकाळी भाऊजी अंथरुणातून उठलेच नाहीत. देह ठेवायला मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून बर्फ आणला आणि मुलाची वाट पाहत बसलो. दुसरी रात्र गेली तशी माणसं कुजबुजायला लागली. कोणी म्हणालं, "एवढा वेळ लागतो होय? मधे कुठे उतरला असेल." मी म्हटलं, "ज्यांना घाई आहे त्यांनी घरी जावं." कोणी गेलं नाही.

मिलिंद आला तो रस्त्यावरून जवळजवळ धावतच. माणसांनी वाट दिली. तो बापाकडे न जाता आधी माझ्यासमोर उभा राहिला.

"काकू, मी मधे कुठे थांबलो नाही."

त्याला कोणी विचारलं नव्हतं.